माद्रिदहून एकच दिवस हातात असेल तर: तोलेदो की सेगोविया?

स्पेनचा प्लॅन बहुतेक जोडप्यांचा सारखाच असतो. आधी माद्रिद, मग ट्रेनने कॉर्दोबा-सेव्हिया-ग्रानादा, शेवटी बार्सिलोना, आणि माद्रिदच्या मुक्कामात कुठेतरी एक दिवस मोकळा राहतो. त्या दिवसाचं काय करायचं यावर निघायच्या आधी आमच्या घरात भरपूर काथ्याकूट झाला होता. शेवटी आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो, पण आता कोणी विचारलं की एकच सांग, तर मी तोलेदो सांगतो. बायको सेगोविया सांगते. त्यामुळे खालचं सगळं माझ्या चष्म्यातून आहे हे धरून चाला.

कागदावर दोन्ही सारखीच. दोन्ही युनेस्कोच्या यादीतली, सेगोविया १९८५ ची आणि तोलेदो १९८६ ची, दोन्हीकडे कॅथेड्रल, दोन्हीकडे आल्काझार म्हणजे किल्ला, दोन्ही फास्ट ट्रेनने माद्रिदपासून अर्ध्या तासावर. मग निवडायचं कशावरून? माझं ठरलं ते रेल्वे स्टेशनवरून. हसू नका, सांगतो.

सेगोवियाची गाडी माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनहून सुटते. बोर्डावर 'चामार्तिन-क्लारा कांपोआमोर' असं लांबलचक नाव दिसेल, तेच ते (माद्रिदचं दुसरं मोठं स्टेशन अतोचा, त्याच्या पुढे पण आता 'अल्मुदेना ग्रांदेस' लागलंय, बघून गोंधळू नका). माद्रिदच्या मध्यातल्या सोल चौकाच्या आसपास राहात असाल तर तिथून लोकलने, म्हणजे सेर्कानियासने, चामार्तिन पटकन येतं. गाडी ग्वादारामाच्या डोंगराखालून २८ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते आणि तुमची कॉफी संपेपर्यंत सेगोविया-ग्योमार येतं पण. इथवर झकास. पण उतरल्यावर समोर सेगोविया नसतंच! समोर माळरान, पार्किंग, लांब डोंगरांची रांग आणि एक बस स्टॉप. २००७ च्या शेवटी फास्ट लाइन सुरू झाली तेव्हा स्टेशन गावाबाहेर बांधलं, गाव पाचेक किलोमीटरवर. नाव एका कवीच्या कवितेतल्या प्रेयसीचं, आणि जागा अशी की प्रेयसीने यायलाच नकार द्यावा.

जाताना काही वाटत नाही, कारण बस गाडीच्या वेळेला धरूनच येते आणि पंधरा-वीस मिनिटांत ॲक्वेडक्टपाशी, म्हणजे पाणी आणायच्या रोमन कमानींपाशी, सोडते. गाडीतली सगळी जनता त्याच एका बसच्या दारात जमते तेवढं सोडा, आपल्याला गर्दीची सवय आहे. खरा ताप संध्याकाळी. परतीची गाडी ठरलेली, सीट बुक केलेली, त्यामुळे गाडीच्या वेळेतून बसची वेळ वजा करा, बस भरलेली आली तर म्हणून अजून थोडी वजा करा, स्टेशनवर बॅग स्कॅन करायची म्हणून आणखी थोडी, असं करत करत सहाची गाडी असेल तर पाचलाच पाय काढता घ्यावा लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी उन्हं कलायला लागलेली असतात, ॲक्वेडक्टचा ग्रॅनाइट करडा होता तो मधासारखा पिवळा व्हायला लागतो, खालच्या अझोगेखो चौकात लोक निवांत टेबलं धरून बसलेले असतात, आणि आपण बसच्या रांगेत उभे. मान वळवून वळवून बघायचं. दिवसभराचा सगळा खटाटोप ज्या तासासाठी, तोच तास रांगेत गेला, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

टॅक्सी मिळते, नाही असं नाही. माद्रिदच्या मोंक्लोआहून थेट बस पण आहे, ती सव्वा तास घेते पण गावातच उतरवते, आणि खरं सांगायचं तर सेगोवियाला जायचंच असेल तर मी तीच बस सुचवेन. पण मग ट्रेनने फिरण्याची गंमत राहिली कुठे?

आता तोलेदो. गाडी अतोचाहून, तेहतीस मिनिटं, आणि जिथे उतरता ते स्टेशनच बघण्यासारखं. १९१९ चं, नव-मुदेहार म्हणजे जुन्या मुस्लिम-स्पॅनिश वळणाच्या शैलीतलं, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, रंगीत काचा, टाइल्स, लाकडी छत, बाजूला घड्याळाचा मनोरा. आम्ही दोघं तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्येच इतका वेळ फोटो काढत बसलो की बरोबर उतरलेली सगळी मंडळी निघून गेली. बाहेर पडलं की सरळ चालत सुटायचं, पंधरा-वीस मिनिटांत ताहो नदी, तिच्यावरचा अल्कांतारा पूल, आणि समोर डोंगरावर अख्खं गाव. परतताना तसंच, पूल ओलांडला की स्टेशन जवळच, बसचा हिशोब नाही, कोणाची वाट बघणं नाही. शेवटचा अर्धा तास पुलावर टेकून काढता येतो आणि गाडी चुकत नाही. मला हे फार मोठं वाटलं. तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

चढाचं मात्र आधीच सांगतो, कारण कोणी नीट सांगत नाही. तोलेदो म्हणजे चढ-उतारच. पुलावरून वर जाताना दम लागतो, आणि गल्ल्या अशा की मॅप बघून पण आपण तिसऱ्यांदा त्याच तलवारींच्या दुकानासमोर येतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर बस स्टँडच्या बाजूने वर जायला सरकते जिने आहेत, ते शोधा. सेगोविया याबाबतीत सरळ आहे, ॲक्वेडक्टपासून एकच मोठा रस्ता धरायचा, तो कॅथेड्रलवरून थेट आल्काझारपर्यंत नेतो, हरवायचं म्हटलं तरी अवघड. ही म्हणते की सेगोवियाला तिने इमारती बघितल्या आणि तोलेदोला माझा फोन.

बघण्याबद्दल बोलायचं तर सेगोवियाचा ॲक्वेडक्ट एकटाच निम्मी लढाई जिंकतो. जवळपास दोन हजार वर्षांचा, सर्वात उंच जागी साधारण २८ मीटर, आणि चुना-बिना काही नाही, हेमाडपंती देवळासारखे दगडावर दगड नुसते वजनावर तोललेले. जवळ जाऊन बघा, दगडांना छोटे खळगे दिसतात, उचलताना चिमटे अडकवायचे त्याच्या खुणा. पाणी आणून दमलेल्या मुलीने सैतानाशी सौदा केला आणि त्याचा एक दगड लावायचा राहिला म्हणून ती वाचली, ही तिथली दंतकथा. आल्काझार बाहेरून जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला, मस्तच, पण १८६२ मध्ये मोठी आग लागली होती आणि आतलं बरंचसं नंतर परत उभं केलेलं आहे, ते कळलं की माझा उत्साह जरा उतरतो. हिचा नाही उतरला.

तोलेदोला असं एकच एक काही नाही, आणि माझ्या मते तेच त्याचं बळ. सांता मारिया ला ब्लांका हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलं मुस्लिम कारागिरांच्या हातच्या शैलीत, पुढे त्याचं चर्च झालं. आत पांढरे खांब आणि नालेच्या कमानी, क्षणभर आपण कॉर्दोबाच्या जुन्या मशिदीतच पोचलो की काय असं वाटतं. तिथून दोन मिनिटांवर सान हुआन दे लोस रेयेस, इसाबेला-फर्नांदो या राजा-राणीने बांधलेला मठ. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या लटकतात, ग्रानादाच्या राज्यातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या. आणि ज्यांचं सिनेगॉग होतं त्या ज्यूंना याच राजा-राणीने १४९२ मध्ये देशाबाहेर घालवलं. दोन वास्तूंमध्ये इतकं कमी अंतर आणि इतका इतिहास, मी तिथे बराच वेळ घुटमळलो. सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं मोठं चित्र बघताना डाव्या कोपऱ्यातला मशालवाला मुलगा शोधा, तो त्याचा स्वतःचा मुलगा आणि त्याच्या रुमालावर चित्रकाराची सही आहे. ही तिन्ही ठिकाणं सात जागांच्या एकाच टुरिस्ट मनगटपट्ट्यात येतात, कॅथेड्रलचं तिकीट मात्र वेगळं. कॅथेड्रल टाळू नका.

खाण्याचं पटकन. शाकाहारी असाल तर सेगोविया कठीण. काचेआड अख्खं पिल्लू डुक्कर भाजून ठेवलेलं असतं आणि तिथल्या प्रसिद्ध घेवड्यात पण बहुतेक वेळा डुकराचेच तुकडे. तोलेदोला निदान पिस्तो मिळतं, म्हणजे टोमॅटो-ढोबळी मिरचीची भाजीच (वरचं अंडं नको असेल तर आधी सांगा), आणि मांचेगो चीज. शिवाय मार्झिपान ही मिठाई. वसई-गोव्याकडच्यांना ईस्टरमुळे माहीत असेल, पण आपल्याकडे काजूचा असतो, हा बदामाचा.

तोलेदोची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे शनिवार-रविवारी गाड्या भरतात, त्यामुळे जाण्या-येण्याचं दोन्ही तिकीट आधीच काढा, तिथे जाऊन बघू असं करू नका. दुपारी अकरा ते चार टूर बसवाल्यांची झुंबड असते ती वेगळीच. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मी माझं मत आवरतं घेतो, तोलेदो तेव्हा भट्टी असते, सेगोविया हजार मीटर उंचीवर असल्यामुळे बरंच सुसह्य. लहान मूल किंवा आई-बाबा बरोबर असतील तरी सेगोवियाच. पण दोघंच आहात, पाय धड आहेत, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर आहे, आणि पुढे कॉर्दोबाची गाडी तशीही अतोचाहूनच पकडायची आहे म्हणून हॉटेल त्या बाजूला घेतलंय, तर मला नाही वाटत फार विचार करायची गरज आहे.

फक्त मोकळा दिवस सोमवार नाही ना ते बघा. तोलेदोचं दुसरं जुनं सिनेगॉग ट्रान्सितो आणि एल ग्रेकोचं म्युझियम दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि मग हिचंच ऐका.