तापून मंदावणारा लॅपटॉप: साफसफाई, कूलिंग पॅड की वेगावर मर्यादा?

लॅपटॉप तापला की मंदावतो, याचा अर्थ तो बिघडला असा नाही. प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग उतरवत असतो. ज्या तापमानाला हे घडते ती मर्यादा इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांत ९५ अंशांच्या आसपास असते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान आणि टास्क मॅनेजरमध्ये वेग एकाच वेळी पाहावा. तापमान मर्यादेला टेकताच वेग कोसळत असेल, तर कारण उष्णता हेच आहे. तापमान ७० अंशांच्या आसपासच असूनही यंत्र रखडत असेल, तर अपुरी रॅम, जुनी हार्ड डिस्क किंवा कमी वॅटचा चार्जर यांकडे वळावे. पुढील तिन्ही उपाय तेथे व्यर्थ आहेत.

माझ्या मते पहिला मान साफसफाईचा आहे, आणि आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात तर निश्चितच. घोडबंदर रस्त्यालगत मेट्रोचे आणि इमारतींचे बांधकाम, खारघरकडे नव्या वसाहतींची धूळ आणि त्यावर खाडीकाठची दमट हवा, यांमुळे पंख्यामागील हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांत धुळीचा असा थर बसतो की पंखा पूर्ण वेगाने फिरूनही हवा बाहेर पडत नाही. तळाचे झाकण उघडून पंखा नुसता ब्रशने पुसून भागत नाही. पंखा काढून पाती मोकळी करावी लागतात. लॅपटॉप काही वर्षांचा असेल, तर त्याच वेळी वाळलेली थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलून घ्यावी. नौपाड्यात किंवा वाशीत दुरुस्तीला देताना हे काम आपल्यासमोर करण्यास सांगावे, आणि वॉरंटी शिल्लक असल्यास प्रथम कंपनीच्या केंद्रात विचारावे. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) सुचवले गेल्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण ते विद्युतवाहक असते आणि अ‍ॅल्युमिनियम कुरतडते.

कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) स्वस्त आणि निर्धोक असला, तरी त्याचा उपयोग लॅपटॉपच्या तळाला हवा घेणाऱ्या जाळ्या असतील तरच होतो. आतली पाती तुंबलेली असताना त्याने फारसा फरक पडत नाही. निव्वळ मागची बाजू दोन इंच उचलून ठेवल्यानेही पुष्कळ वेळा बरेच साधते.

तिसरा मार्ग फुकट आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केल्यास बहुतेक यंत्रांत टर्बो वेग (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. कार्यालयीन कामात हा फरक जाणवत नाही, मात्र व्हिडिओ संपादन करणाऱ्यास तो जाणवेल. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करण्याचा उपायही गुणकारी आहे, परंतु २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा सुरक्षादोष उघड झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसमधून (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) हा उपाय बंद केला आहे.

दुरुस्तीला सवड मिळेपर्यंत वेगमर्यादा लावून काम चालू ठेवावे, साफसफाईनंतर ती काढून पुन्हा तापमान मोजावे, आणि पॅडचा विचार त्यानंतरच करावा. मात्र टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर यांपैकी काहीही न करता चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी.