कमी ओहमचे हेडफोन आणि फीओ के7: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फीओचा के7 हा 2022 साली आलेला, डॅक (डिजिटल गाण्याचं विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि अँप (तो संकेत हेडफोन वाजवण्याइतका मोठा करणारा भाग) एकाच डब्यात असलेला टेबलावरचा संच. त्याच्यावर तीन गोष्टी आलटून-पालटून चालल्या: हायफायमॅनचा एचई400एसई (प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याचा; इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, 25 ओहम), ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स (38 ओहम) आणि बॅलन्स्ड आर्मेचरचे (बारीक धातूच्या पात्याने आवाज काढणारे) इअरफोन. तुलनेला अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचं छोटं अडॅप्टर). कोल्हापूरच्या उन्हाळ्यात सुरू झालेला वापर पावसाळा संपेपर्यंत रोजचा होता, त्यावरून हे लिहितोय. कमी ओहमच्या हेडफोनसाठी अँप घेताना वॅटचा आकडा आणि चिपचं नाव यांवरच सगळी चर्चा अडकते. प्रत्यक्षात फरक पडतो तो आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा आतला विरोध), लो गेनवरची (अँप संकेत कमी वाढवतो त्या सेटिंगवरची) खरखर आणि घरचं अर्थिंग यांनी.

आधी हिशेब. एचई400एसईची संवेदनशीलता 1 मिलिवॅटला 91 डीबी. गाण्यातला सगळ्यात जोराचा ठोका 110 डीबीपर्यंत जायला हवा असं धरलं, तर 19 डीबी जास्त लागतात, म्हणजे सुमारे 79 मिलिवॅट. 25 ओहमवर त्यासाठी 1.4 व्होल्ट आणि 56 मिलिअँपिअर. एम50एक्सची संवेदनशीलता 99 डीबी, त्यामुळे तोच ठोका 12.6 मिलिवॅटमध्ये, म्हणजे 0.7 व्होल्ट आणि 18 मिलिअँपिअरमध्ये भागतो. के7च्या बॅलन्स्ड आउटपुटला (प्रत्येक कानाला दुहेरी अँप देणाऱ्या 4.4 मिमीच्या जॅकला) कंपनी 32 ओहमवर 2000 मिलिवॅट सांगते. यातला किती भाग नुसता पडून राहणार, ते वरच्या आकड्यांवरून दिसतंच.

डोंगल साधारण 1 व्होल्ट देतो. एम50एक्सला तो भरपूर झाला. एचई400एसईवर त्याची मजल 107 डीबीला संपते, आणि हल्लीच्या जोरात मास्टर केलेल्या गाण्यांना तेवढंही पुरतं. कमी पडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे खालच्या पातळीवर भरलेल्या जुन्या मैफिली. दुसरं इक्वलायझर (खालच्या-वरच्या सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर): प्लेनरचा खर्ज 6 डीबीने उचलायचा तर आवाज फाटू नये म्हणून प्रीअँप (त्यातली एकूण पातळी) आधी 6 डीबीने खाली घ्यावा लागतो, आणि तेवढा व्होल्टेज हातचा जातो. त्यातून अनेक अँड्रॉइड फोनवर हा डोंगल पूर्ण व्हॉल्यूम उघडतच नाही, जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. डोंगलचा व्हॉल्यूम स्वतः लावणारं यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं अ‍ॅप घेतलं की ही अडचण सुटते. हलगीचं ध्वनिमुद्रण लावून बघा: ठोका आणि सरासरी आवाज यांत एवढं अंतर असतं की जोर अपुरा असेल तर टिपरीचा कडकपणा आधी जातो.

आता आउटपुट इम्पीडन्स. नियम सोपा: अँपचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा. 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहम चालतील, 16 ओहमच्या इअरफोनला 2. कारण हेडफोनचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो. साध्या डायनॅमिक हेडफोनचा 32 ओहम खर्जात 60 पर्यंत चढला आणि अँपचा आउटपुट 10 ओहमचा असला, तर खर्ज सुमारे 1 डीबीने फुगतो. एवढं एकवेळ खपून जातं. बॅलन्स्ड आर्मेचरमध्ये मात्र कुठे 8 तर कुठे 40 ओहम अशी तफावत असू शकते. तिथे तोच 10 ओहमचा आउटपुट 5 डीबीचा फरक पाडतो, म्हणजे इअरफोन वेगळाच वाजतो. आउटपुट 1 ओहमचा असेल तर हाच फरक 0.8 डीबीवर येतो. प्लेनरचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्यामुळे त्याचा तोल बिघडत नाही, फक्त आवाज कमी होतो. 1996 सालच्या आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकात आउटपुट इम्पीडन्स 120 ओहमचा ठेवायची शिफारस होती, म्हणून जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकवर कमी ओहमचा हेडफोन लावून मत बनवू नये.

हे घरी मोजता येतं. 33 ओहमचा रेझिस्टर, जुन्या केबलचा तोडलेला 3.5 मिमी प्लग आणि साधा मल्टिमीटर पुरतो. हेडफोन काढून ठेवा, 50 हर्ट्झची साइन टोन, म्हणजे एकच सलग सूर, लावा (स्वस्तातले मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्ट चुकीचे दाखवतात), मोकळ्या आउटपुटवर अर्धा व्होल्ट येईल एवढा व्हॉल्यूम ठेवा. मग रेझिस्टर जोडून पुन्हा वाचा. दोन वाचनांतला फरक गुणिले 33, भागिले दुसरं वाचन. 0.500 चे 0.485 झाले तर आउटपुट साधारण 1 ओहमचा. के7चा 6.35 मिमीचा आउटपुट 32 ओहमच्या हेडफोनसाठी आठव्या हिश्श्याच्या नियमात आरामात बसतो. बॅलन्स्ड आउटपुटचा इम्पीडन्स सहसा दुप्पट असतो, त्यामुळे कमी ओहमच्या इअरफोनसाठी 4.4 मिमीची महागडी केबल घ्यायचं कारण नाही.

गेन कायम लो वर ठेवा. हाय गेनवर इअरफोन लावले की नॉब जेमतेम हलवायच्या आत कान दुखतात, वर शांत जागी सूं ऐकू येते. लो वरही नॉब फार खाली राहत असेल तर विंडोजमध्ये इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर टाकून आवाज 10-12 डीबी कमी करा. आउटपुट 24 बिटवर ठेवला तर यात ऐकू येण्याजोगं काही हरवत नाही.

व्हॉल्यूम नॉब तपासायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावावं. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब इथेच होते, त्यामुळे त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकणारे कोल्हापुरात कमी नाहीत. त्यांच्याकडे त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांच्या 78 आरपीएमच्या रेकॉर्ड डिजिटल रूपात असतातच. अगदी हळू आवाजात लावा. आवाज बरोबर कपाळाच्या मध्ये बसला पाहिजे. ॲनालॉग पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर थेट विरोध बदलणारा नॉब) असलेल्या अँपवर सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यात डाव्या-उजव्या ट्रॅकची जुळणी नसते, मग गायिका एका कानाकडे सरकते आणि नॉब वाढवला की परत मध्ये येते. के7 नॉबची जागा वाचून व्हॉल्यूम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलतो, त्यामुळे अगदी तळालाही ती जागची हलत नाही. संवेदनशील इअरफोनवाल्यांसाठी या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण हाच, असं माझं मत आहे.

घूंऽ येत असेल तर अँपला दोष देण्याआधी बोर्ड बघा. पेठांमधल्या कित्येक जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचा असतो, पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून मोजून घ्या: फेज-अर्थ साधारण 230 व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थला शंभर-सव्वाशेसारखा तरंगता आकडा आला तर अर्थिंग नाही असं समजा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात त्याही यामुळेच. चार्जर काढल्यावर घूं थांबली तर ती चार्जरमधून येतेय. आधी लॅपटॉप आणि अँप एकाच एक्स्टेन्शनवर लावा. टीव्हीला जोडायचं तर ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यात तांबंच नसल्यामुळे अर्थिंगमधून फिरून घूं आणणारा प्रवाहाचा लूप तुटतो. स्वस्त यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि डॅकमधला विजेचा थेट जोड तोडणारा डबा) घेताना जपून: ते 12 मेगाबिट वेगाचे असतात, त्यातून फार तर 24 बिट, 96 किलोहर्ट्झ जातं, आणि यूएसबी ऑडिओ 2 (यूएसबीवरून आवाज पाठवायची जास्त वेगाची पद्धत) वरच चालणारा डॅक त्यावर ओळखलाच जात नाही.

डॅक चिपबद्दल थोडक्यात. के7मध्ये एकेएम कंपनीच्या दोन एके4493एसईक्यू चिप आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये एकेएमच्या जपानमधल्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागल्यावर अनेक कंपन्या ईएसएस या दुसऱ्या चिप कंपनीकडे वळल्या. आवाजाची पातळी जुळवून ऐकलं तर नीट बसवलेल्या दोन्हींत निवड करावी असा फरक मला सापडला नाही. नॉबभोवतीचा दिवा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) 48 किलोहर्ट्झपर्यंत असेल तर निळा, त्यावर पिवळा होतो, एवढा मात्र कामाचा: पिवळा दिसला आणि गाणं साधं 44.1 चं असलं, तर विंडोज मध्येच रीसॅम्पल करतंय, म्हणजे सॅम्पल रेट बदलतंय.

पावसाळ्यात त्रास देतो तो जोड. 3.5 मिमीच्या प्लगवर ओलाव्याने थर बसतो आणि प्लग फिरवला की एका कानात करकर येते. अँप बंद करून प्लग कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेल्या कापडाने पुसायचा; जॅकमध्ये फवारा मारायचा नाही. इअरपॅडचं कृत्रिम चामडं दमटपणात लवकर सुटतं, म्हणून हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

लाईट जाते-येते तिथे अँप चालू-बंद होताना हेडफोन कानावर नसलेला बरा. के7चा अडॅप्टर स्विचिंग प्रकारचा, 12 व्होल्टचा आहे आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही न बोलता चालला. शीटचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम हे अँप घेणार असाल तर त्यांचे अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरवाले, एसी-ते-एसी असतात. असा ट्रान्सफॉर्मर स्क्वेअर वेव्हवर गुणगुणतो आणि तापतो, तेव्हा घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. परदेशातून कुणाकडून मागवत असाल तर अडॅप्टर 230 व्होल्टचाच आहे ना, हे पैसे देण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो मागवून बघा. 115 व्होल्टचा इथे लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच.