फ्लूची लस घ्यायची की राहू द्यायची?
नाही घेतली तर धडधाकट माणूस आठवड्याभरात उठतो हे खरंय, पण घरात शुगरवाली आई असेल तर विषय वेगळा, मागच्या जानेवारीत गड्ड्यावरून (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेतून) ताप घेऊन आलो न तिसऱ्या दिवशी आईला धाप लागली, रात्रभर नेब्युलायझरचा मास्क धरून बसलो होतो. घेतली तर दंड दोन दिवस ठणकतो, थोडी कणकण येते, बस. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. साध्या सर्दीला मात्र उपयोग नाही आणि विषाणू बदलत राहतो म्हणून दरवर्षी खर्च आहेच. असर यायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात यायच्या आधीच मी आईला घेऊन जाणारे, दोघंही टोचून घेणार.