माझ्याच गाडीच्या ब्रेकची जुनी डिस्क मला नवी म्हणून विकली

साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो आणि त्या उतारावर एस आकाराचं वळण आहे. तिथे काय काय अपघात झालेत ते सातारकरांना सांगायला नको. फेब्रुवारीत त्याच उतारावर ८०च्या वेगात मी ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं. पाय उचलला की शांत, दाबला की पुन्हा तेच. शेजारी आई होती. तिला दर पंधरा दिवसांनी पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. "टायर गेला का गं?" म्हणाली आणि दरवाज्याचं हँडल धरून बसली ती शिरवळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गाडी साताऱ्यातल्या एका गॅरेजला नेली. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. मी मालकांना नेमकं सांगितलं होतं की फक्त ब्रेक मारल्यावरच हलतं, एरवी गाडी १००लाही सरळ जाते. एवढं ऐकल्यावर आधी पुढची चाकं काढून ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी, बघायला हवी होती. बॅलन्सिंग बिघडलेलं असतं तर ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला गाडी थरथरली असती. पण चाक न काढताच "मॅडम, अलाइनमेंट-बॅलन्सिंग गेलंय" असं सांगून १,२०० रुपये घेतले. फरक शून्य.

पुढच्या खेपेला लोअर आर्म निघाले, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे; त्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. "बुश पार गेलेत. हायवेला चाक निसटलं तर काय करणार, मॅडम? आईंना घेऊन जाता ना?" आईचं नाव काढल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. दोन्ही बाजूंचे आर्म आणि लिंक रॉड मिळून ७,८०० गेले. बुश झिजले असतील तर डिस्कची थरथर हातात जास्त जाणवते हे खरं, पण ती थरथर बुशमुळे सुरू होत नाही. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या वेळी मालक म्हणाले, "आता डिस्कच बदलून टाकू, ओरिजनल मागवतो." संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, डिस्क चकाचक. ६,४०० रुपयांची हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: "डिस्क सेट, पॅड, मजुरी". पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. आणि गाडी खरंच लोण्यासारखी थांबायला लागली. मी त्यांचे आभार मानले, दोन ओळखीच्यांना ते गॅरेज सुचवलंसुद्धा. त्या दोघांना नंतर फोन करून सांगावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दीड महिन्यात, जेमतेम १,२०० किलोमीटर झाल्यावर, थरथर परत आली. यावेळी यवतेश्वरचा घाट उतरून घरी आल्यावर डाव्या पुढच्या चाकातून जळका वास येत होता आणि रिमजवळ हात नेला तर धग लागत होती. उजवं चाक मात्र कोमट.

एका नातेवाइकांनी कोरेगाव रस्त्याकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, स्टेअरिंग हलतंय की सीट?" स्टेअरिंग हललं तर बहुधा पुढच्या डिस्क, सीटखाली किंवा पायाखाली जाणवलं तर मागचे ड्रम. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल खालून कटकट ढकलत असेल तर ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम असतं, त्यात बिघाड नसतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मग डावं चाक काढलं. डिस्कचे दोन्ही चेहरे चकचकीत होते. मामांनी बॅटरी मारली ती चेहऱ्यावर नव्हे, दोन पाट्यांमधल्या हवेच्या फटींत. आत लालभडक गंज आणि वर्षानुवर्षांची काळी माती घट्ट बसलेली. "लेथचं टूल वरवर फिरतं, ताई. आत कुठं जातंय?" मग त्यांनी डिस्कच्या टोपीवरची, म्हणजे मधल्या उंच भागावरची पुटं पोलिश कागदाने घासली, तेव्हा कोरलेले आकडे दिसले: किमान जाडी १८ मिलिमीटर. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला तर १७.४. म्हणजे माझ्याच गाडीची जुनी डिस्क काढून, लेथवर, म्हणजे धातू तासायच्या यंत्रावर सोलून, परत तिथेच बसवली होती आणि वर नव्याचे पैसे घेतले होते. पॅड तेवढे नवीन होते.

डिस्कचं फेसिंग करणं, म्हणजे लेथवर तिचे चेहरे सपाट करणं, हा गुन्हा नाही. जाडी शिल्लक असेल तर ते रास्त काम आहे, स्वस्तही पडतं. पण कोरलेल्या आकड्याच्या खाली गेलेली डिस्क लवकर तापते, घाटात ब्रेक ऑइलला उकळी यायचा धोका वाढतो आणि मग पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. मी तशा डिस्कवर आईला घेऊन खंबाटकी तीन वेळा उतरले होते.

मूळ दुखणं तर कुणी बघितलंच नव्हतं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची पिन गंजून जाम झाली होती. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचा, डिस्क तापायची आणि पॅडचा माल तिच्यावर कुठे जास्त कुठे कमी चिकटायचा. आपण सरसकट "डिस्क बेंड झाली" म्हणतो, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायाला आणि हाताला जाणवतो. पिन तशीच ठेवली तर नवी कोरी डिस्कही काही महिन्यांत हलणारच.

मामांनी दोन्ही नव्या डिस्क आणि पॅड माझ्यासमोर खोक्यातून काढले. पिना साफ करून ब्रेकचंच वेगळं ग्रीस लावलं, साधं नाही, कारण साध्याने रबर फुगतं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला, तिथे कण जरी राहिला तरी डिस्क तिरकी बसते. डायल गेज लावून डिस्क फिरवून दाखवली, ती डुलत नाही हे कळावं म्हणून. नट हवेच्या गनने न ठोकता टॉर्कच्या पान्याने समोरासमोर आवळले. शेवटी मला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा वेळा हळूहळू ब्रेक मारले, पूर्ण न थांबता. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा उमटतो, म्हणून.

तुमचीही गाडी फक्त ब्रेकवर हलत असेल तर मी केलं नाही ते करा. चाक काढताना तिथे उभे राहा, जाडी तुमच्यासमोर मोजायला लावा आणि टोपीवरच्या आकड्याशी ताडून बघा. डिस्क बदलली म्हणाले तर जुनी डिस्क डिकीत टाकून घेऊन या. ती "भंगारात गेली" असं उत्तर आलं तर गाडीला बसवलेल्या डिस्कच्या फटींत बॅटरी मारून बघा. आणि पार्ट नंबर असलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी त्या सोललेल्या डिस्क घेऊन पहिल्या गॅरेजला गेले. मालक म्हणाले, "मॅडम, ह्या आमच्या कशावरून? पुढची सर्व्हिस फ्री करून देतो." मी नको म्हटलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. माझ्याकडे ती चिठ्ठी आहे, त्यांनीच पाठवलेला फोटो आहे आणि मायक्रोमीटर लावलेल्या डिस्कचे मामांनी काढू दिलेले फोटो आहेत. त्यांच्या फोटोत डिस्कच्या कडेला एक अर्धचंद्रासारखी खाच दिसते. तीच खाच माझ्या घरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या डिस्कवर आहे.