खानापूर तालुक्यातील एका रवळनाथ देवळात लावलेला कौल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत चौदा वर्षे काढल्यावर मला चाकणच्या कारखान्यातून बोलावणे आले, आणि गावी एकटी राहणारी आई, तिची दोन म्हशींची दावण व भाताचे शेत यांचे काय करायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने बोलेना. शहरातल्या एका ज्योतिषाने पत्रिका पाहून अकराशे रुपये घेतले आणि "जाणेही शुभ, राहणेही शुभ" असे सांगितले. शेवटी आईच म्हणाली, "रवळनाथाला कौल लावूया."

हे देऊळ खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. आमच्याकडे ज्याला कौल लावणे म्हणतात, त्यालाच गोव्यात प्रसाद घेणे म्हणतात. फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर उजव्या व डाव्या बाजूंना चिकटवतात, देवापुढे प्रश्न मांडतात आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहतात. उजवी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार, असा सर्वसाधारण संकेत आहे. तरीही येथील गुरव कोणती बाजू कशासाठी मागितली आहे, ते प्रत्येक वेळी देवाला स्पष्ट शब्दांत सांगतात.

या सेवेची खरी गुणवत्ता मला पाकळी लावण्याच्या आधीच दिसली. "माझे भले कशात आहे?" असे मी विचारले, तेव्हा गुरवांनी तो प्रश्न घेतलाच नाही. कोण जाणार, कधी जाणार, मागे कोण राहणार आणि त्याचे कोण पाहणार, एवढे विचारून त्यांनी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले, आणि मग गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडायची विनवणी, घालताना माझे, आईचे व बायकोचे नाव घेऊन सगळे देवापुढे मांडले. मी कायमचा जाण्याच्या विचारात आहे, हे आईने गाभाऱ्यासमोर उभ्या उभ्या प्रथमच ऐकले. ती रडली नाही. तिने फक्त पदर सावरला आणि हात जोडले.

त्या दिवशी अर्धा तास एकही पाकळी हलली नाही. आणखी पाणी लावून किंवा जागा बदलून उत्तर काढता आले असते, पण गुरवांनी पाकळ्या उतरवल्या आणि म्हणाले, "देव आज बोलत नाही, पुढच्या सोमवारी या." मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, कारण मधल्या आठ दिवसांत आम्ही तिघे जे बोललो, ते त्याआधी वर्षभर बोललो नव्हतो. पुढच्या सोमवारी जाण्याबद्दल उजवा कौल मिळाला, आणि आईला आताच न्यावे का, यावर डावा. त्यामुळे सुगी होईपर्यंत ती गावीच राहणार आहे.

आमच्या आधी आलेल्या एका कन्नड कुटुंबाचे गाऱ्हाणे गुरवांनी कन्नडमध्येच घातले, हेही सांगितले पाहिजे. एका गृहस्थांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असे विचारले, तेव्हा "ते डॉक्टरांनी सांगायचे, देवाकडे बळ मागा" असे म्हणून त्यांनी पाकळी लावण्यास नकार दिला. दक्षिणा ठरलेली नाही. नारळ आणि फुले आपण न्यावीत.

उणीव एकच, पण ती गंभीर आहे. गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते आणि सभामंडपात बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू येते. लग्न मोडणे, कर्ज किंवा भावांतील वाटणी असे विषय घेऊन येणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, हे फार जड जाते. आमच्या समोरच एक बाई रांगेतून उठून निघून गेल्या. देवस्थानाने आठवड्यातून एक दिवस एका वेळी एकाच घराला आत घ्यावे, अशी विनंती मी मानकऱ्यांना केली आहे. तोवर ज्यांना शांतपणे विचारायचे आहे, त्यांनी सोमवार टाळून सकाळी लवकर जावे. त्या भागात पावसाचा जोर फार असतो, म्हणून पावसाळ्यात परतीच्या बसची वेळ आधी विचारून घ्यावी.