विसर्जनाचं थेट प्रक्षेपण: कोडेक कुठला, कंटेनर कुठला?

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरून लाइव्ह करायचं, म्हणजे एन्कोडरचा (कॅमेऱ्याचं चित्र आवळणाऱ्या यंत्राचा) वर्षातला सगळ्यात कठीण दिवस. उधळलेला गुलाल, हलती गर्दी, मागे लाटा आणि खाली सरकती मराठी पट्टी. तुमच्या भागातल्या केबल चॅनलसाठी नवा एन्कोडर घ्यावा का, रेकॉर्डिंग कशात करावं, हे ठरवत असाल तर आधी दोन प्रश्न वेगळे करा. ‘एमपी४ द्या’ असं सांगणारा माणूस फक्त कंटेनर सांगतो. आतला कोडेक एच.२६४ आहे की एचईव्हीसी, हे त्यातून कळत नाही. तोच एच.२६४ ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या दुसऱ्या कंटेनरमध्ये बसतो, एमकेव्हीतही बसतो. चित्र किती आणि कसं आवळायचं ते कोडेक ठरवतो. आवळलेलं चित्र, आवाज आणि वेळेच्या नोंदी एकत्र कशा बांधायच्या ते कंटेनर.

आवळावं लागतंच. १९२० बाय १०८० चं, सेकंदाला २५ फ्रेमचं, ४:२:२ (रंगाचे नमुने उजेडापेक्षा कमी ठेवण्याची एक पद्धत), ८ बिट चित्र कच्चं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ८३० मेगाबिट लागतात. केबलच्या ८ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत, ६४ क्वाम (केबलवर सिग्नल चढवण्याची पद्धत) ठेवलं तर, साधारण ३८ मेगाबिट मावतात, आणि तेवढ्यात अनेक चॅनल बसवायचे असतात.

एमपीईजी-२ हा नव्वदच्या दशकातला कोडेक. साध्या एसडी चित्राला तो ४ मेगाबिटच्या आसपास मागतो, म्हणजे त्या ३८ मध्ये जेमतेम ९ चॅनल. तरी तो अजून गेलेला नाही, कारण जुने सेटटॉप बॉक्स फक्त तोच ओळखतात. डीडी फ्री डिशनेही एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ असे दोन्ही स्लॉट ठेवले ते याच कारणाने. (आपल्या धंद्यात ‘एमपीईजी-४’ म्हटलं की बहुतेक वेळा एच.२६४ च अभिप्रेत असतो. खरेदी करताना कागदावर तसं स्पष्ट लिहून घ्या.)

एच.२६४ आला २००३ मध्ये. तेवढंच चित्र तो साधारण निम्म्या बिटरेटमध्ये (सेकंदाला लागणाऱ्या बिट्समध्ये) देतो, आणि आपल्या ५० फील्डच्या इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं पाठवणाऱ्या) फीडसाठी त्याच्यात खास सोय आहे. माझी पसंती यालाच. पण गुलालाच्या वेळी बिटरेटची कंजुषी करू नका. कोडेकची सगळी बचत ‘मागच्या फ्रेममधला हा तुकडा इथून तिथे सरकला’ एवढंच सांगण्यावर चालते. गुलालाचा कण मागच्या फ्रेममध्ये त्या जागी नसतो आणि पुढच्या फ्रेममध्ये कुठे जाईल याचाही नेम नसतो. सांगण्यासारखं काही उरत नाही आणि चौकोन दिसू लागतात. शिवाय प्रक्षेपणातल्या ४:२:० चित्रात रंगाचे नमुने उजेडाच्या नमुन्यांच्या पावच असतात, त्यामुळे गडद गुलाबी रंग सगळ्यात आधी फुटतो. मूर्तीचा चेहरा स्वच्छ आणि भोवती गुलाबी चिखल, असं चित्र मी मॉनिटरवर पाहिलंय. फार वाईट वाटतं. एचडीला एरवी ६ मेगाबिट पुरत असतील, तर त्या दिवशी ९-१० मागून घ्या आणि जीओपी (एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतचा गट) २५ फ्रेमचा ठेवा. चॅनल बदलणाऱ्यालाही चित्र लवकर येतं.

एचईव्हीसी २०१३ चा. बिटरेट आणखी निम्म्यावर येतो, पण इंटरलेस्ड चित्रासाठी एच.२६४ सारखी सोय त्यात नाही आणि घरोघरचे जुने बॉक्स तो उघडत नाहीत. चौपाटीवरून ऑफिसपर्यंत मोबाइल डेटावर फीड आणायचं असेल तर जरूर वापरा. घरापर्यंत पोचवायला आत्ताच नको.

आता कंटेनर. इथे मी एकदा हात पोळून घेतलाय. एका विसर्जनाला रात्री जनरेटर बंद पडला. तीन तासांचं रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये चालू होतं. फाइल डिस्कवर होती, आकारही पुरेपूर होता, पण उघडेना. कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी साधा एमपी४ रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितो, आणि ती लिहायच्या आतच वीज गेली. त्या मिरवणुकीतली काही माणसं आज नाहीत, म्हणून ती फाइल मला अजून सलते.

ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये हे झालं नसतं. त्यात सगळा माल १८८ बाइटच्या पाकिटांत जातो. प्रत्येक पाकिटाची सुरुवात ठरलेल्या बाइटने होते आणि त्यावर आतला माल ओळखणारा पीआयडी क्रमांक असतो. कुठल्या पीआयडीवर चित्र, कुठल्यावर आवाज, ही यादी सेकंदातून अनेकदा पुन्हा पाठवली जाते. म्हणून बॉक्स मध्येच सुरू केला तरी चॅनल लागतो, आणि फाइल मध्येच तुटली तरी तुटेपर्यंतचं सगळं हाती राहतं. केबलवर प्रत्येक पाकिटाला दुरुस्तीसाठी आणखी १६ बाइट जोडतात. त्यावर ८ बाइटपर्यंतची चूक सुधारता येते. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची फाइल किंचित मोठी होते, तेवढं सोसावं. एमकेव्हीही वीज गेल्यावर बहुधा वाचतो, पण हेडएन्डला (केबलच्या मुख्य केंद्राला) तो देऊन उपयोग नाही.

एमएक्सएफ हा कंटेनर लागतो तो मोठ्या चॅनलला तयार कार्यक्रम देताना. तिथे ५० मेगाबिटचा ४:२:२ एमपीईजी-२ बऱ्याचदा मागतात. तासाला नुसतं चित्रच साडेबावीस जीबी होतं. त्यांच्या तांत्रिक पत्रकात असेल तेच द्या.

तेव्हा माझं मत असं: घरापर्यंत एच.२६४, ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये (टीएस). रेकॉर्डिंगही टीएसमध्येच आणि एन्कोडरला यूपीएस. मंडळांना व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप द्यायची तर दुसऱ्या दिवशी त्याच टीएसमधून एमपी४ काढा. पुन्हा आवळायची गरज नाही, नुसता कंटेनर बदलतो, त्यामुळे काम मिनिटांत होतं आणि चित्र तसूभरही बिघडत नाही. एन्कोडरचे पैसे मोजण्याआधी मात्र चाळीतल्या सगळ्यात जुन्या बॉक्सवर अर्धा तास टेस्ट सिग्नल चालवून बघा, आणि टेस्टला गेल्या वर्षीचं गुलालाचंच फुटेज लावा.