झेरॉक्स, वर्गणी की पीडीएफ: आपल्या लोकांचा अंक कोणत्या रूपात काढावा?

अंक काढायचं तुमचं ठरलं आहे. थोडाफार मजकूर जमलाय, चार-पाच जण सोबत आहेत, आणि गाडी एकाच प्रश्नावर अडली आहे. झेरॉक्स काढून, दुमडून, पिना मारून हातोहात वाटायचा, रीतसर नोंदणी करून वर्गणीदारांचं नियतकालिक चालवायचं, की छपाईत न पडता पीडीएफ करून सगळ्यांना पाठवून द्यायची?

अशा बैठकांना मी बरेचदा बसले आहे. बोलणं बहुतेक वेळा वाचकापासून सुरू होतं: किती जणांपर्यंत पोहोचेल, खर्च कशाला कमी येईल. मला वाटतं, सुरुवात लिहिणाऱ्यापासून करावी. ज्या माणसाला आजवर कुणी छापलं नाही, तो या अंकात पहिल्यांदा स्वतःचं काही सांगणार आहे. त्यामुळे त्याच्यावर काय ओढवू शकतं? आणि छापून झाल्यावर त्या मजकुरावर त्याचा किती ताबा उरेल? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालेली असते.

हातोहात जाणारा अंक

1947 साली लॉस एंजेलिसमधल्या एका चित्रपट कंपनीत सेक्रेटरी असलेल्या तरुणीने ऑफिसच्या टाइपरायटरवर 'व्हाइस व्हर्सा' नावाचा अंक काढायला घेतला. समलिंगी स्त्रियांसाठीचं अमेरिकेतलं हे पहिलं ज्ञात नियतकालिक. कार्बन पेपर लावून एका अंकाच्या दहा-बाराच प्रती निघत. वाचून झाली की प्रत पुढच्या मैत्रिणीला द्यायची, एवढीच वितरणाची सोय. सुरुवातीला तिने काही प्रती टपालाने पाठवल्या. असा मजकूर टपालात सापडला तर खटला होऊ शकतो हे कुणीतरी सांगितल्यावर ती प्रती हातातच देऊ लागली. अंकावर कुणाचंच नाव नसे. नऊ अंक निघाले, आणि संपादिका पुढे लिसा बेन या टोपणनावाने ओळखली गेली.

दहा-बारा प्रती कमी वाटतात. पण त्यातली प्रत्येक प्रत पहिल्यांदा कुणाच्या हाती गेली, हे संपादिकेला ठाऊक होतं. हाताने काढलेल्या अंकाचा हा गुण स्वस्ताईपेक्षा कितीतरी मोठा आहे.

याच गुणाचं दुसरं टोक सोव्हिएत राजवटीतल्या मॉस्कोत दिसलं. एप्रिल 1968 पासून तिथे 'क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स' या नावाने जगाला माहीत झालेला अंक टाइप होऊ लागला. झडत्या, खटले, छावण्यांमधले कैदी, मायभूमीतून हाकललेले क्रिमियाचे तातार, श्रद्धेपायी छळले जाणारे लोक यांच्या बातम्या त्यात कोरड्या, काटेकोर भाषेत असत. ज्याला प्रत मिळे तो पातळ कागदावर आणखी प्रती टाइप करून पुढे देई. बातमी कळवायची तर ज्याच्याकडून अंक आला त्यालाच सांगायची, म्हणजे ती त्याच साखळीने उलटी जात संपादकांपर्यंत पोहोचे. सुरुवातीच्या संपादिका नताल्या गोर्बानेव्स्काया यांना 1969 च्या अखेरीस अटक झाली. तरी अंक थांबला नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साठहून अधिक अंक निघाले. टाळं लावायला कार्यालय नव्हतं आणि जप्त करायला छापखानाही.

आज कार्बन पेपरची जागा झेरॉक्सने घेतली आहे. ए-फोर कागद तीनदा दुमडून मधोमध एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते, पिनसुद्धा लागत नाही. पहिला अंक असा काढायला माझी मनापासून शिफारस आहे, कारण ज्यांनी कधी काही लिहिलं नाही तेही हातावर मावेल एवढं एक पान भरतात. त्याहून मोठा अंक पिना मारून करायचा असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा आणि काठाला बोटभर कोरी जागा सोडा, नाहीतर यंत्र ओळींची टोकं खाऊन टाकतं. फोटो झेरॉक्समध्ये काळपट होतात. रेघांची चित्रं छान उठतात. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: कित्येक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके छापतात. त्यावरून कोणत्या यंत्रातून पान निघालं हे शोधता येतं. नाव लपवणं गरजेचं असेल तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच राहा.

मला या अंकात सर्वात आवडते ती भाषा. मूळ कागदावर लिहिणारीचं अक्षर तसंच राहतं. तिची बोली, तिची वळणं, खोडलेला शब्दसुद्धा. तिला 'शुद्ध' करायला मध्ये कुणी बसलेलं नसतं. ज्यांची भाषाच आयुष्यभर हिणवली गेली, त्यांना स्वतःचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं दिसतं तेव्हा काय होतं, हे मी समोर बसून पाहिलं आहे. एका बाईंनी स्वतःचं पान तीनदा वाचलं, आणि मग पुढच्या अंकासाठी कोरा कागद मागितला.

उणिवाही खऱ्या आहेत. दुमडायला बसणारे हात दोन अंकांनंतर कमी होतात. दूरवरच्या वाचकाला असा अंक निघतो हेच कळत नाही. आणि दृष्टिहीन वाचकासाठी हस्ताक्षरातलं झेरॉक्स पान बंद दारासारखं आहे. वंचितांचा आवाज म्हणून काढलेल्या अंकात हे दार बंद राहणं मला सलतं.

नोंदणी, वर्गणी आणि तारीख

नियतकालिक वाचकाला शब्द देतं: ठरल्या तारखेला मी येईन. त्यातून वजन येतं. सरकारला, वृत्तपत्रांना, ग्रंथालयांना त्याची दखल घ्यावी लागते. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळणारा आठ अंकी आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, घेतला की ग्रंथालयाच्या यादीत त्याला कायमची ओळख मिळते. एखाद्या समाजाला एकेका माणसाची गोष्ट सांगण्यापलीकडे जाऊन मागण्या मांडायच्या असतील, खोट्या आरोपांना वेळच्या वेळी उत्तर द्यायचं असेल, तर अधूनमधून येणारा अंक पुरत नाही.

'मूकनायक' आठवून पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी हे पाक्षिक सुरू केलं, ते अस्पृश्यांची बाजू मांडायला तेव्हाच्या पत्रांमध्ये जागाच नव्हती म्हणून. शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली. बाबासाहेब त्या वेळी सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं लागलं. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे पत्राची ओढाताण झाली आणि 1923 मध्ये ते बंद पडलं. 1927 मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, तेव्हा बरेचसे रकाने त्यांना एकट्यालाच भरावे लागत. हे वाचून निराश होऊ नका. पण आज 'आम्ही दर महिन्याला काढू' असं म्हणताना पैसा, संपादकाचं नाव आणि सलग लिहिणारे हात या तिन्ही गोष्टी एवढ्या मोठ्या माणसालाही जड गेल्या होत्या, हे डोळ्यांपुढे असू द्या. सुरुवातीला त्रैमासिक काढा. चार अंक वेळेवर निघाले तर पुढचा विचार करा.

उघड पत्त्यावरून निघणारा अंक कायद्याच्या टप्प्यात येतो. तसा तो कायद्याच्या आधाराने उभाही राहू शकतो. 'वन' हे समलिंगी लोकांचं मासिक जानेवारी 1953 मध्ये लॉस एंजेलिसहूनच निघालं. 'व्हाइस व्हर्सा'च्या अगदी उलट, याने विक्री केली, वर्गणीदार केले, टपालाने अंक पाठवले. ऑक्टोबर 1954 चा अंक टपाल खात्याने अश्लील ठरवून अडवला. संपादक मंडळ कोर्टात गेलं, खालच्या दोन्ही कोर्टांत हरलं, आणि 13 जानेवारी 1958 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. त्यानंतर अशा मजकुराला टपालाची वाट मोकळी झाली. हातोहात फिरणाऱ्या दहा प्रतींनी हे झालं नसतं. पण त्यासाठी काही माणसांना तीन वर्षांहून अधिक काळ टांगणीला राहावं लागलं. तुमच्यात तेवढी तयारी असलेले किती जण आहेत, हे बैठकीत नावं घेऊन विचारा.

पैशाबाबत एकच सांगते: पहिल्याच अंकात भारी कागद आणि रंगीत मुखपृष्ठाचा मोह आवरा. नोव्हेंबर 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या तरुण कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी 'फायर!!' काढलं. वॉलेस थर्मन, लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन अशी माणसं त्यात होती, देखणी छपाई होती आणि किंमत एक डॉलर, तेव्हा जड जाणारी. एकच अंक निघाला. न विकलेल्या पुष्कळ प्रती आगीत गेल्या, आणि छपाईचं कर्ज थर्मन पुढे बराच काळ फेडत राहिले. अंकाचं मोल आज सगळे मानतात, पण दुसरा अंक निघाला असता तर काय वाचायला मिळालं असतं, ही चुटपुट माझ्या मनातून जात नाही.

पीडीएफ आणि पडदा

छपाईचा खर्च नाही, पानांचं बंधन नाही, परदेशी गेलेली आपली माणसंही त्याच दिवशी वाचतात. मजकूर नीट टाइप केलेला असेल तर दृष्टिहीन वाचकाला तो ऐकता येतो. पानाचे नुसते फोटो जोडून केलेल्या पीडीएफमधून मात्र त्याला काही मिळत नाही. ध्वनिमुद्रण जोडता येतं, म्हणजे न लिहिणारा माणूसही अंकात येऊ शकतो. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये 2002 साली ग्रामीण, बहुतांशी दलित स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे बुंदेली पत्र छापील रूपात सुरू केलं आणि पुढे त्या मोबाइलवरच्या व्हिडिओ बातम्यांकडे वळल्या. बोली ऐकू येणं हा तिथे मोठा फायदा ठरला.

माझी अडचण एका मुद्द्यावर आहे. पडद्यावरचा, म्हणजे मोबाइल-संगणकावर वाचायचा अंक परत घेता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1984 मध्ये सुरू झालेल्या 'ऑन अवर बॅक्स' या लेस्बियन मासिकात स्त्रियांनी आपल्यातल्यांसाठी म्हणून खुलेपणाने लिहिलं, छायाचित्रं दिली. बऱ्याच वर्षांनी एका संस्थेने जुने अंक स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले. आपण छापील, मर्यादित प्रतींना संमती दिली होती, नावानिशी जगभर शोधता येण्याला नव्हे, हे पुढे आलं आणि 2016 मध्ये ते अंक काढून घ्यावे लागले. आज एकोणीस वर्षांच्या मुलीने रागात, दुःखात लिहिलेलं पान ती चाळिशीची होईल तेव्हा तिचं नाव टाकताच वर येईल. तिला हे आधी समजावून सांगितलंय का?

म्हणून संमती दोनदा घ्या, छापील अंकासाठी वेगळी आणि पडद्यासाठी वेगळी. दुसरीला नकार आला तर ते पान पीडीएफमध्ये कोरं सोडा. फाइलच्या माहितीत बनवणाऱ्याचं नाव आपोआप बसतं, ते पुसा. मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते, तीही.

माझा कौल

लिहिणाऱ्यांना घर, नोकरी किंवा जीव गमावण्याची भीती असेल तर हातोहात अंक, दुसरा विचार नको. समाज संघटित आहे, मागण्या ठरल्या आहेत, कोर्टाची पायरी चढायची तयारी आहे, तर नियतकालिक. माणसं दूरदूर विखुरलेली असतील, किंवा घराबाहेर पडणंच कठीण असेल, तर पडदा, पण वर सांगितलेल्या दोन संमती घेऊनच. बहुतेकांनी झेरॉक्सने सुरुवात करावी असं मला वाटतं. त्यावर वर्षभर हात बसतो, कोण टिकतं ते कळतं, आणि नियतकालिक किंवा पीडीएफ नंतरही करता येते. एकदा पडद्यावर गेलेलं पुन्हा दहा हातांत आणता येत नाही.

देणगीदार आला तर काय, हा प्रश्न तिन्हींत येतो. देणाऱ्याला मजकूर आधी वाचायला मागायचा हक्क नाही, हे पैसे घेण्याआधी लेखी ठरवा. त्यावर तो मागे फिरला तर पानं कमी करा.

आणि पहिला अंक वाटायला निघण्याआधी पाच प्रती बाजूला काढा. कोरड्या जागी, वेगवेगळ्या घरांत ठेवा. एखादी लिहिणाऱ्यांच्या परवानगीने ग्रंथालयाला द्या. पिना गंजतात आणि कागद खातात, तेव्हा ठेवायच्या प्रती दोऱ्याने शिवा. वाटताना भान राहत नाही, आणि महिन्याभराने संपादकाकडेच प्रत नसते.